काच फुटल्याचा आवाज : ओपलच्या खाणी आणि तिथली कविता

ओपल हा रत्नाचा खडा दिसायच्या आधी ऐकू येतो. जमिनीखाली पंधरा-वीस मीटरवर, दिव्याच्या उजेडात, एक माणूस मऊ मातकट खडकात कुदळ मारत असतो. कुदळ मातीत बसली की नुसतं थप्प. तासन्‌तास थप्प, थप्प. आणि मग मध्येच काच फुटल्यासारखं काहीतरी वाजतं. ऑस्ट्रेलियातल्या जुन्या ओपल खणणाऱ्यांच्या आठवणींत हा आवाज हमखास भेटतो. तो ऐकताच माणूस हरखतो आणि त्याच क्षणी त्याच्या काळजात धस्स होतं. आवाज आला म्हणजे ओपल सापडला, आणि आवाज आला म्हणजे तो आपल्याच कुदळीनं फोडला.

मला बरेच दिवस एक कोडं होतं. ही माणसं कविता का करतात? शिकलेली, पुस्तकं काढणारी माणसं नव्हेत. धुळीनं माखलेली, दारूच्या गुत्त्यात रात्री उभं राहून पाठ म्हणणारी. उत्तर शोधायला गेलो ते थेट दगडाच्या पोटात निघालं. म्हणून आधी दगड समजून घेऊ.

ओपल म्हणजे सिलिका आणि पाणी. सिलिका हा वाळूचा, काचेचा आणि आपल्या दख्खनच्या माळावर पायाला टोचणाऱ्या गारगोटीचाही मुख्य घटक. ओपलमध्ये त्याच्या जोडीला साधारण ३ ते १० टक्के पाणी अडकलेलं असतं. हिरा, माणिक, पाचू हे स्फटिक. त्यांचे अणू पलटणीसारखे शिस्तीत उभे असतात. ओपलचे अणू तसे नसतात, म्हणून तो स्फटिकांच्या पंक्तीला बसत नाही. मग त्याच्या पोटात एकाच वेळी लाल, हिरवा, निळा असे रंग हलतात ते येतात कुठून? त्यात कुठलं रंगद्रव्य असेल असा कैक वर्षं समज होता. १९६४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी ओपल इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि गुपित बाहेर आलं. आत सिलिकाचे बारीक गोळे होते, सगळे एका मापाचे, फळवाल्यानं संत्री रचावीत तसे थरावर थर रचलेले. एकेका गोळ्याचा व्यास १५० ते ३०० नॅनोमीटर. म्हणजे केसाच्या जाडीत असे दोन-तीनशे गोळे ओळीनं मावतील.

या रचनेवर पांढरा प्रकाश पडला की प्रत्येक थरावरून त्याचा थोडा थोडा भाग परत फिरतो. विहिरीत दोन दगड टाकले की दोन्हींची वर्तुळं कुठे एकमेकांना उचलून धरतात, कुठे मारून टाकतात, तसंच इथे प्रकाशाच्या लाटांचं होतं. थरांमधल्या अंतराला जो रंग जुळतो तो उचलला जातो, बाकीचे विरतात. गोळे लहान असतील तर निळा-जांभळा, मोठे असतील तर लाल. दगड जरा कलता केला की अंतराचं गणित बदलतं आणि रंगही बदलतो. मोरपिसातला निळा-हिरवाही असाच रचनेतून येतो, रंगातून नव्हे. पीस कुटून भुकटी केली तर हाती नुसतं तपकिरी काहीतरी लागतं.

आता या लेखापुरती कामाची गोष्ट. जमिनीतून निघणारा बहुतेक ओपल रंग दाखवतच नाही. त्याला खाणीच्या भाषेत ‘पॉच’ म्हणतात. पॉच पांढरट, करडा नाहीतर काळा असतो. त्यात तीच सिलिका, तेच पाणी आणि बऱ्याचदा तसेच गोळे असतात. फक्त लहानमोठे आणि कसेही कोंबलेले. रत्न आणि रद्दी एकाच मालाची, फरक केवळ मांडणीचा. गद्यात आणि पद्यात शब्द तेच, फरक मांडणीचा, हे मास्तरांकडून ऐकलेलं वाक्य इथे कुणालाही सुचेल, म्हणून ते मी लांबवत नाही. पण पॉचचा एक खडा समोर ठेवून पाहा. दहा तास खणून हाती हाच आला, असं समजा. मग त्या माणसाच्या बोलण्यात उपरोध कुठून येतो ते कळेल.

दुसरी कामाची गोष्ट अशी की ओपल कुठे आहे ते वरून कळत नाही. लोखंडाच्या खनिजाचा अंदाज चुंबकीय मोजणीनं घेता येतो. कोळशाचा थर मैलोन्‌मैल पसरतो, चार ठिकाणी भोकं पाडली की हिशेब मांडता येतो. ओपल बापडा सिलिका आणि पाणी, आणि भोवतालची जमीनही सिलिका आणि चिकणमाती. ना वजनात फरक, ना चुंबकत्वात. इथे बचकभर आहे, हातभर पलीकडे काही नाही. म्हणून मोठ्या कंपन्या या धंद्यात फारशा उतरल्याच नाहीत. ओपल राहिला सुट्या माणसांचा. न्यू साउथ वेल्स राज्यातल्या लाइटनिंग रिजला एका दाव्याची, म्हणजे क्लेमची, जागा ५० मीटर लांब आणि ५० मीटर रुंद असते. चार कोपऱ्यांना खुंट्या ठोकायच्या, एक-दोन भागीदार घ्यायचे आणि खाली उतरायचं.

मराठवाड्यात बोअर मारताना ज्यानं रात्र काढली आहे त्याला पुढचं सांगायची गरज नाही. दोनशे फुटांवर धूळ, तीनशेवर धूळ, पैसे संपत आलेले, आणि गाडीवाला म्हणतो, अजून पन्नास फूट मारू. ओपलच्या रानात हे ‘अजून एक फूट’ आयुष्यभर चालतं. मला सर्वांत गंमत वाटली ती याची की तिथे पाणाड्याही आहेत. हातात वाकवलेल्या दोन तारा धरून जमिनीवर चालायचं, तारा फिरल्या की तिथे खडकात भेग आहे असं मानायचं आणि शाफ्ट, म्हणजे उभा खड्डा, खाली न्यायचा. विज्ञान याला काही दुजोरा देत नाही. पण जिथे विज्ञानाकडेच यंत्र नाही, तिथे त्याचं कोण ऐकणार?

या शेतांची, म्हणजे ओपल फील्ड्सची, वंशावळ थोडक्यात सांगतो. न्यू साउथ वेल्समधल्याच व्हाइट क्लिफ्सला १८८९ मध्ये कांगारूंच्या शिकाऱ्यांना ओपल दिसला. टली वोलास्टन नावाच्या व्यापाऱ्यानं ऑस्ट्रेलियातला ओपल लंडनला नेला. तिथल्या जवाहिऱ्यांना तेव्हा युरोपातला सौम्य दुधट ओपल माहीत होता. हा इतका भडक कसा, म्हणून ते बिचकले. पुढे लाइटनिंग रिजला काळा ओपल निघाला. गडद पॉचच्या पाठीवर रंगाचा थर असला की पाठीच्या काळोखामुळे रंग पेटून उठतो, तोच हा काळा ओपल. आज तो सर्वांत महाग. पण १९०३ च्या सुमारास चार्ली नेटलटननं पहिला माल काढला तेव्हा सिडनीच्या व्यापाऱ्यांनी नाक मुरडलं होतं. दक्षिण ऑस्ट्रेलियात १९१५ मध्ये सोन्याच्या शोधात निघालेल्या तांड्यातल्या विली हचिसन या चौदा वर्षांच्या मुलाला ओपल सापडला. ते गाव कूबर पेडी. हे नाव तिथल्या आदिवासींच्या ‘कुपा पिती’ या शब्दांवरून आलं आणि त्याचा अर्थ साधारणपणे ‘गोऱ्यांचं बीळ’ असा सांगतात. नाव ठेवणाऱ्याला विनोदाचं अंग होतं, यात शंका नाही.

गोरे खरोखरच बिळात राहू लागले. उन्हाळ्यात बाहेर पारा ४५ अंशांच्या वर जातो. जमिनीखाली कोरलेल्या घरात बारा महिने २३ ते २५ अंश. पहिल्या महायुद्धातून परतलेले सैनिक आले, त्यांना खंदकात राहायची सवय होतीच. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातून सर्ब, क्रोएट, ग्रीक, इटालियन आले. एकमेकांचं आडनाव कुणी विचारत नसे, टोपणनावावर माणूस ओळखला जाई. आजही तिथे जमिनीखाली चर्च आहेत, त्यातलं एक सर्बियन ऑर्थोडॉक्स. आणि गावातल्या उघड्यावरच्या सिनेमागृहात पडद्यावर एक सूचना झळकायची: कृपया थिएटरात स्फोटकं आणू नयेत. प्रत्येकाच्या गाडीत सुरुंगाचं सामान पडलेलं असायचं, दुसरं काय करणार!

आठवणी निघतात त्या अशाच वस्तूंना धरून. सुरुवातीला शाफ्टच्या तोंडावर रहाट असायचा, आपल्या विहिरीवरचा असतो तसाच. खाली एक जण खणायचा, वर दुसरा बादली ओढायचा. बादली सुटली तर खालच्याचं डोकं फुटणार, म्हणून भागीदार निवडताना माणूस बायको निवडताना करणार नाही इतका विचार करी. कागदपत्र नाही, हातावर हात, निम्मं-निम्मं. मग यंत्रं आली. कूबर पेडीत ट्रकवर बसवलेला अजस्र पंखा खालची माती नळातून शोषून वर ओढतो, त्याला ‘ब्लोअर’ म्हणतात. लाइटनिंग रिजला सिमेंट-काँक्रीट कालवणाऱ्या जुन्या ट्रकांची पिंपं आणून त्यात ओपलची माती घुसळतात. माती वाहून जाते, तळाशी घट्ट गाठी उरतात. या गाठींना ‘नॉबी’ म्हणायचं. चिमट्यानं नॉबीची कड उडवून आत रंग आहे का ते पाहायचं. आणि उपसलेल्या मातीच्या ढिगात कुणाच्या नजरेतून सुटलेला तुकडा चिवडत बसण्याला ‘नूडलिंग’ म्हणतात. रात्री दुसऱ्याच्या खाणीत शिरून चोरी करणारा तो ‘रॅटर’, म्हणजे उंदीर. या शब्दासाठी तिथे मारामाऱ्या होतात, कारण गाळातला माणूस दारिद्र्य सोसतो, उंदीर नाही.

नूडलिंगवरून आठवलं. दुसऱ्या महायुद्धानंतर कूबर पेडी जवळजवळ ओसाड पडलं होतं. १९४६ मध्ये टॉटी ब्रायंट या आदिवासी बाईनं ‘एट माइल’ या जागी झकास ओपल उकरून काढला आणि गावात पुन्हा माणसं आली. ऑस्ट्रेलियन रानगाण्यांचा नायक मात्र जवळजवळ नेहमी दाढीवाला गोरा पुरुष असतो, त्याचा कुत्रा दुसऱ्या क्रमांकावर. ही त्या कवितेची उणीव आहे आणि ती झाकायचं मला काही कारण दिसत नाही.

आता कविता. सगळं त्या एका गोष्टीत आहे की ओपल विकावा लागतो. शेतकरी दाणा विकतो, पण शेत त्याचं राहतं. ओपलवाल्याला पुढच्या महिन्याचं डिझेल भरायचं असतं. सहा महिने अंधारात काढून त्यानं जो रंग पाहिला, जगात सर्वांत आधी, पाण्यानं ओल्या बोटांवर, तो व्यापाऱ्याच्या टेबलावर जातो आणि तिथून कुठल्या देशात, कुणाच्या बोटात जातो ते त्याला कधी कळत नाही. तसाच दुसरा दगड निघणार नाही, कारण गोळ्यांची तशी रचना पुन्हा होत नाही. फोटोत तो धड येत नाही. हलवला तरच त्याचा रंग खेळतो. उरतं काय? सांगणं. आणि रोज तेच सांगायचं तर ते यमकात बसवलेलं बरं, पाठ राहतं. जात्यावर बसलेली बाई कागद-पेन्सिल घेऊन बसत नव्हती. ओवीच्या चालीनंच तिला ओळी आठवून दिल्या. इथेही तेच.

चाल त्यांना तयार मिळाली. सिडनीत १८८० पासून ‘द बुलेटिन’ नावाचं साप्ताहिक निघत होतं आणि रानातल्या माणसांनी लिहावं असं त्याचं धोरणच होतं. बँजो पॅटरसन आणि हेन्री लॉसन या दोन कवींनी १८९२ मध्ये त्याच पानांवर पद्यातून भांडण मांडलं. रान रम्य की रान रखरखीत, असा मुद्दा होता. पॅटरसनचं रान घोड्यावरून दिसतं, लॉसनचं पायी. व्हाइट क्लिफ्सचा बहर नेमका याच दशकातला. पुढे लाइटनिंग रिजला तरुणपणी खणायला गेलेला आयन इड्रिएस ‘गाउजर’ या टोपणनावानं याच साप्ताहिकात स्फुटं धाडू लागला. गाउजर म्हणजे कोरून काढणारा. ओपल खणणाऱ्याला हाच शब्द. तो पुढे ऑस्ट्रेलियातला खूप वाचला जाणारा लेखक झाला.

या रानकवितेला, बुश पोएट्रीला, मुक्तछंद चालत नाही. यमक पक्कं हवं, ठेका शेवटपर्यंत एकच हवा, आणि कागदाकडे न बघता म्हणता यायला हवी. विषय ठरलेले: हुकलेला दगड, मुरब्बी व्यापारी, उंदीर, माश्या, ऊन, पळून गेलेला भागीदार. दुःख सरळ सांगायचं नाही, शेवटच्या ओळीत गंमत करून टाकायची. लाइटनिंग रिजच्या पलीकडच्या रानात पत्र्याच्या एका गुत्त्याचं नाव ‘ग्लेनगॅरी हिल्टन’ आहे; या कवितेचा सूर समजायला एवढं नाव पुरे. खरं सांगायचं तर यातलं बरंचसं पद्य ढोबळ असतं. पण संमेलनातल्या कित्येक कवितांपेक्षा त्यात एक गोष्ट जास्त असते: म्हणणाऱ्याच्या तळहाताला घट्टे असतात.

मूळ ओळी इथे देत नाही. त्या चालीतला मासला म्हणून आपल्या अष्टाक्षरीत मी केलेलं हे कवन. दोष असतील ते माझे.

तीन महिने खणले,
माझ्या हाती पॉच आला;
भिंतीपल्याड शेजारी
रंगामध्ये चिंब न्हाला.

घरधनीण म्हणाली,
“आता पुरे, चला घरी”;
मी म्हणालो, “एक फूट,
आणखी एकच तरी!”

थोरामोठ्या साहित्यातही ओपल आहे, पण तो वेगळा. रोमन लेखक थोरल्या प्लिनीनं त्यात माणकाची आग, ॲमेथिस्टचा जांभळा आणि पाचूचा हिरवा एकत्र पाहिला. नोनियस नावाच्या एका सिनेटरनं मार्क अँटनीला आपला ओपल देण्यापेक्षा अंगठीसकट परागंदा होणं पत्करलं, हा किस्साही त्याचाच. शेक्सपिअरच्या ‘ट्वेल्फ्थ नाइट’ मधला विदूषक चंचल सरदाराला म्हणतो, तुझा अंगरखा धूपछाँव रेशमाचा शिवायला हवा, कारण तुझं मन म्हणजे साक्षात ओपल. वॉल्टर स्कॉटच्या १८२९ च्या एका कादंबरीत पवित्र पाण्याच्या थेंबानं ओपल निस्तेज होतो आणि नायिकेच्या कुळावर संकट येतं. त्यानंतर युरोपात ओपल अपशकुनी ठरला आणि विक्री घसरली, असं सांगतात. या सगळ्यांनी ओपल पाहिला तो घासलेला, कोंदणात बसलेला. मातीचा ओपल फक्त खणणाऱ्यांच्या कवितेत आहे.

प्लिनीनं ओपल भारतातून येतो असं लिहून ठेवलं. प्रत्यक्षात युरोपातला जुना ओपल मुख्यतः आजच्या स्लोवाकियातल्या डोंगरातला. पण नाव बहुधा आपल्याकडूनच गेलं. लॅटिन ‘ओपालस’, त्यामागे ग्रीक ‘ओपालिओस’, आणि त्यामागे संस्कृत ‘उपल’ असा माग पुष्कळ भाषातज्ज्ञ काढतात. उपल म्हणजे दगड, रत्नही. ‘मेघदूता’त यक्ष ढगाला वाट सांगताना विंध्याच्या पायथ्याशी विखुरलेली रेवा दाखवतो, ती ‘उपलविषम’ जागी, दगडगोट्यांनी उंचसखल झालेल्या. तिथला उपल साधा धोंडा आहे, नर्मदेला आडवा येणारा. रत्नाचं नाव धोंड्याच्या नावावरून आलं हे कूबर पेडीतल्या माणसाला सांगितलं तर तो मान हलवून म्हणेल, बरोबर आहे, बहुतेक धोंडेच असतात.

आपल्याकडे ओपल पोचतो तो शुक्राचा खडा म्हणून. हिरा परवडत नाही तर ओपल घाला, असं ज्योतिषी सांगतो. माझ्या मावशीनंही घातला होता. दोन वर्षं भांडी घासून, कणीक मळून झाल्यावर खड्याच्या कडेनं दुधट डाग चढू लागला. शुक्र रुसला म्हणून घरात चर्चा. सराफानं भिंग लावून सांगितलं, बाई, हा ‘डब्लेट’ आहे. म्हणजे ओपलची पापडासारखी कापटी काळ्या पाठीवर चिकटवलेली. पाणी झिरपलं आणि डिंक सुटला. ओपल खराच होता, पण तेवढाच. अखंड ओपलला पाण्याचं असं भय नसतं. त्याचं भय उलटं, वाळण्याचं. काही ठिकाणचा ओपल जमिनीबाहेर आला की आतलं पाणी गमावतो आणि तडकतो. म्हणून जाणते खणणारे नवा माल काही महिने तसाच पडू देतात. टिकला तर घासायचा.

एक गोष्ट राहिली. ओपल कधी कधी एखाद्या पोकळीत साचतो, आणि ती पोकळी कुणाची तरी असते. दहा कोटी वर्षांपूर्वी लाइटनिंग रिजच्या परिसरात समुद्रकाठची दलदल होती. शिंपला, हाड, दात गाळात गाडले गेले, कुजून विरले, आणि त्यांच्या साच्यात सिलिका भरली. १९८५ मध्ये वर्णन झालेला स्टेरोपोडॉन या प्राण्याचा जबडा असाच ओपलचा आहे. हा प्लॅटिपसचा, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या अंडी घालणाऱ्या सस्तन प्राण्याचा, दूरचा पूर्वज-भाऊबंद. २०१३ मध्ये माइक पोबेन या व्यापाऱ्याला खाणीतून आलेल्या कच्च्या मालात दातांसारखं काही दिसलं. तो एका छोट्या डायनोसॉरचा जबडा निघाला, आणि २०१८ मध्ये त्याला वीवारासॉरस पोबेनी हे नाव मिळालं. संग्रहालयात पोचलेल्या अशा जीवाश्मांपैकी बरेच साध्या पॉचचे आहेत. ज्यांत रंग होता ते ओळखू येण्याआधीच चाकावर घासले गेले आणि दागिन्यांत गेले असणार.

मावशीच्या अंगठीतली कापटी कुठल्या शिंपल्याची होती का, ते आता बघता येणार नाही. डाग फार पसरला तेव्हा तिनं खडा काढून टाकला आणि सोनं मोडून कानातलं केलं. ओपलचा विषय निघाला की मात्र ती अजून उजव्या हाताचं बोट हवेत तिरकं करून दाखवते, इकडून हिरवा दिसायचा, इकडून तांबडा.